नऊ नंबरचं झाकण

विश्रांतवाडी, पुणे
२ सप्टेंबर २०२४

प्रिय सिराजकाका,

जयभीम आणि सलाम. मी आम्रपाली, स्टोअरवाल्या भीमराव ओव्हाळांची धाकटी. तुम्ही वर्कशॉपमधून निवृत्त झालात तेव्हा मी बारावीत होते आणि समारंभात तुमच्या वाटणीचा गुलाबजाम मी खाल्ला होता. एवढ्यावर ओळखाल.

तुमच्या सुमय्याताईंनी सांगितलं की तुम्हाला आता ओरडूनही ऐकू येत नाही, मोबाइलवर आलेलं तुम्ही वाचत नाही, कागदावर लिहिलेल्याला मात्र उत्तर देता. वर्कशॉपच्या दारावरची तुमची पाटी मला अजून आठवते, 'तोंडी काम होणार नाही.' संचालकांनासुद्धा तुम्ही चिठ्ठी लिहायला परत पाठवलं होतं म्हणे. म्हणून हे पत्र.

मी आता त्याच संस्थेत डॉ. अनिरुद्ध वर्तक सरांकडे पीएचडी करते. सहावं वर्ष चालू आहे. विषय तुम्हाला परका नाही. डांबरगोळी कपाटात ठेवली की ओली न होता झिजत जाते, घन पदार्थाची थेट वाफ होते. मी तसेच नऊ स्फटिक घेतलेत. पितळी डबीत स्फटिक ठेवायचा, डबी निर्वातात ठरलेल्या तापमानाला ठेवायची, झाकणाच्या बारीक भोकातून वाफ निसटू द्यायची आणि वजन किती घटलं ते तोलायचं. वजन, वेळ आणि भोकाचं क्षेत्रफळ, यावरून वाफेचा दाब निघतो. बऱ्याच तापमानांना हे केलं की आलेखावर एक रेघ मिळते, आणि तिच्या उतारावरून कळतं की स्फटिकातून रेणू सुटायला किती ऊर्जा लागते.

आठ स्फटिकांचं काम सुरळीत झालं. नवव्याचं नाव लिहायला एक ओळ लागते, म्हणून आम्ही त्याला 'नऊ नंबर' म्हणतो. तो वर्तक सरांनी १९९३ साली मोजला होता, तुम्ही केलेल्या डबीत. तो आकडा जगभरच्या कोष्टकांत गेला आणि नंतर कुणी पुन्हा मोजायच्या भानगडीत पडलं नाही. मी पडले. माझा दाब सरांच्या दाबापेक्षा प्रत्येक तापमानाला साडेएकोणतीस टक्के कमी येतो. चार वेळा केलं. ज्याचा दाब पक्का ठाऊक आहे ते बेन्झॉइक ॲसिड घालून माझी डबी तपासली, ती बरोबर आहे.

गंमत म्हणजे दोन्ही रेघांचा उतार तंतोतंत एक आहे. रेघा समांतर आहेत, एक वर, एक खाली. तापमान चुकलं असतं तर रेघ तिरकी झाली असती. पदार्थ अशुद्ध असता तरी झाली असती. सगळे आकडे एकाच पटीत चुकवणारी गोष्ट मला एकच दिसते, ती म्हणजे भोक.

काका, त्या झाकणाला तुम्ही केवढं भोक पाडलं होतंत?

सोबत एक बंद पाकीट आहे. भोक किती असायला हवं याचा माझा हिशोब त्यात आहे. तुमचं उत्तर लिहून पोस्टात टाकाल तेव्हाच ते उघडा. आधी आकडा दाखवून मग विचारणं मला बरं वाटत नाही.

तुमची,
आम्रपाली


धायरी, पुणे
१० सप्टेंबर २०२४

चि. आम्रपालीस सिराज तांबोळीचा आशीर्वाद.

गुलाबजाम आठवतो. दोन खाल्ले होतेस.

पत्र आठ दिवसांनी मिळालं. गणपतीत पुण्याचं पोस्टही देखावे बघत हिंडत असावं. अक्षर चांगलं आहे. हल्लीच्या मुलांना अक्षर असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

डबी कशाला लागते ते मला शिकवू नकोस. मीच केली आहे. शंभर ग्रॅम पितळ, वर पातळ पत्र्याचं झाकण. भोक एक मिलिमीटर. वर्तकच्या संशोधनाच्या पेपरात तेच छापलंय. पेपराच्या शेवटी माझं नावही आहे. वर्तकने लिहिलंय की डबीच्या अचूक कामाबद्दल श्री. तांबोळी यांचे आभार. इंग्रजीत आहे. शनिवार पेठेतल्या दुकानातून ते पान मी फ्रेम करून घेतलं, आणि ते भिंतीवर आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या कुठल्याच गोष्टीला दुसरीकडे कुठं माझं नाव लागलेलं नाही. मशीनवर ते बनवणाऱ्या कंपनीचं नाव असतं, माझं नाही.

तेव्हा दुसरीकडे शोध. तुझ्या वजनकाट्याकडे बघ. हल्लीचे काटे आकडे फार दाखवतात.

पाकीट तसंच आहे. उघडायची गरज वाटली नाही.

भीमरावला यातलं काही सांगू नकोस. उगाच डोक्याला ताप.

सिराज तांबोळी


विश्रांतवाडी
१६ सप्टेंबर २०२४

प्रिय काका,

बाबांच्या तब्येतीची तुम्हाला अजून काळजी आहे हे वाचून बरं वाटलं. त्यांना रक्तदाब आहे, पण गोळी वेळेवर घेतात. मी काही बोललेले नाही.

तुमचं उत्तर मला पुरलं. भोक एक मिलिमीटर असेल तर एकच गोष्ट उरते. वर्तक सरांनी वजनं खोटी लिहिली.

मी रागात लिहिते आहे, आणि रागातच लिहिणार आहे. परवा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "हे बघा आम्रपाली, नऊ नंबरचा दाब सर्वमान्य आहे. तुम्ही त्यालाच प्रमाण धरा, तुमची डबी त्यावरून कॅलिब्रेट करा, आणि सगळ्या आकड्यांना एक पूर्णांक बेचाळीसने गुणा. प्रश्न मिटला." म्हणजे माझी डबी बरोबर आहे हे मी सिद्ध केलं, तर ती चुकीची आहे असं समजून गुणायचं. नऊ नंबरबरोबर बाकीचे आठ बरोबर आकडेही चुकवून टाकायचे. मी विचारलं, "आणि नाही गुणलं तर?" ते म्हणाले, "तर मी सही करत नाही. मुदत एकतीस ऑक्टोबरची आहे. तुम्ही सुज्ञ आहात."

सहा वर्षं मी सुज्ञ होते, काका. पहाटे साडेपाचला पंप सुरू करायला विश्रांतवाडीहून पहिली बस पकडली. दिवाळीत, लग्नसराईत, प्रज्ञेशदादाच्या साखरपुड्याच्या दिवशीही डबी तोलली. आता मी गुणणार नाही. सही नको असेल तर नसू दे. २१ ऑक्टोबरला माझा शेवटचा सेमिनार आहे, सगळ्या संस्थेसमोर. तिथं मी उभं राहून सांगणार आहे की हा आकडा बनवलेला आहे, आणि त्याच दिवशी समितीकडे लेखी तक्रार देणार आहे. तुमचं पत्र पुरावा म्हणून जोडते. त्यात तुम्ही भोक एक मिलिमीटर असल्याचं स्वतःच्या हाताने लिहिलंय.

चालेल ना?

आम्रपाली


विश्रांतवाडी
२८ सप्टेंबर २०२४

प्रिय काका,

बारा दिवस झाले, उत्तर नाही. सुमय्याताई म्हणतात तुम्ही बरे आहात, फक्त जेवताना पेपर उलटा धरून बसता. माझ्या पत्राने राग आला असेल तर सरळ लिहा. मला राग झेलायची सवय झाली आहे.

तक्रारीचा मसुदा तयार आहे. तुमच्या पत्राची झेरॉक्स जोडली आहे.

घरी सध्या बाबांची नागपूरची तयारी चालू आहे. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जातात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पांढरा शर्ट इस्त्रीला, डब्यात चपात्या आणि लसणाची चटणी. काल जेवताना ते सांगत होते, एका वर्षी गाडी दौंडला आली आणि खिशात हात घालतात तर स्टोअरची किल्ली! घामच फुटला म्हणे. गेटवर द्यायची विसरले होते. तेव्हा नोकरी कायम व्हायची होती. उडी मारून परत यावं की काय अशी अवस्था. मग परत आल्यावर सोमवारी पहाटेच गुपचूप किल्ली जागेवर टांगली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. आम्ही सगळे हसून लोटपोट झालो. बाबा हसले, पण थोडे कमीच.

तुमच्या उत्तराची वाट बघते.

आम्रपाली


धायरी
३ ऑक्टोबर २०२४

चि. आम्रपाली,

तक्रार फाडून टाक. माझं मागचं पत्रही फाड. त्यात मी खोटं लिहिलं होतं.

तुझं पाकीट परवा उघडलं. आत एवढीशी चिठ्ठी, १.१९ मि.मी. चष्मा पुसून परत वाचली. आकडा तोच.

थ्री बाय सिक्स्टीफोर. एका इंचाचे चौसष्ट भाग, त्यातले तीन. मिलिमीटरमध्ये मांड आणि किती येतं बघ. त्या झाकणाचं भोक तेवढं आहे. हे मला आणि अल्लाला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तू वाफेच्या वजनावरून घरबसल्या काढलंस. आयुष्यभर मी मापाचं काम केलं, पण मला इतकं चपखल कुणी मोजलं नव्हतं.

आता ऐक. १९९३ चा दसरा रविवारी होता. वर्तक तेव्हा तिशीतला, नवा, सदा घाईत. त्याच्या डबीचं पहिलं झाकण एक मिलिमीटरचंच होतं, आणि बेन्झॉइक घालून त्याने ते तपासूनही घेतलं होतं. ते हातातून पडून मुरगळलं. शनिवारी संध्याकाळी तो दारात उभा. नवं झाकण सोमवारी सकाळी हवं, पुढं परिषद आहे. मी म्हटलं, चिठ्ठी? तो म्हणाला, तांबोळी, सोमवारी देतो. मी हो म्हटलं. माझ्या सगळ्या नोकरीत चिठ्ठीशिवाय केलेलं ते एकच काम.

दसऱ्याला संस्थेत कुणी नव्हतं. खंडेनवमीला लेथला घातलेला झेंडूचा हार मी उचलून ठेवला आणि मशीन सुरू केलं. पत्रा पातळ होता. एक एमएमचं ड्रिल आत मोडलं. तुकडा काढताना भोकाची कड फाटली. दुसरं झाकण कापायचं तर नवं ड्रिल हवं, आणि ते स्टोअरमध्ये. स्टोअरला कुलूप. किल्ली गेटवर नाही. वॉचमन म्हणाला, ओव्हाळसाहेब खिशात घालून गेले वाटतं, नोंद करू का?

मी म्हटलं, नको.

भीमराव कायम व्हायचा होता. प्रज्ञेश सहा महिन्यांचा. किल्ली बाहेर नेल्याची नोंद झाली असती तर चौकशी आली असती. कुठं नेली, तर दीक्षाभूमीवर. त्या काळी तेवढ्यावर कोणकोण काय बोललं असतं ते मी ओव्हाळांच्या मुलीला सांगायला नको. माझ्या स्वतःच्या पेटीत इंचातल्या ड्रिलांचा जुना संच होता. एक मिलिमीटरला जवळचं म्हणजे थ्री बाय सिक्स्टीफोर. त्याने फाटलेली कडही साफ झाली. भोक गोल, सुरेख झालं. फक्त मोठं झालं.

सोमवारी वर्तकला सांगायचं ठरवलं होतं. तो येऊन झाकण घेऊन गेलाही होता, चिठ्ठी न देताच. मंगळवारी म्हटलं, उद्या सांगू. मग तो परिषदेला गेला. मग पेपर छापून आला, आणि शेवटी माझं नाव. मी स्वतःला समजावलं की भीमरावसाठी गप्प बसलोय. ते पहिल्या आठवड्यापुरतं खरं होतं. पुढं भीमराव कायम झाला, तरी मी गप्पच राहिलो. मला ते नाव हवं होतं, पोरी.

वर्तक हट्टी आहे, पण त्याने आकडे बनवलेले नाहीत. त्याने झाकणावर विश्वास ठेवला आणि ते झाकण माझं होतं. त्याच्यावर खोटेपणाचा आळ घेतलास तर तीही एक चूकच होईल, आणि तीसुद्धा माझ्यामुळे.

डबी मोडीत निघाली तेव्हा झाकण मी उचलून आणलं होतं. टाकवत नव्हतं आणि कुणाला दाखवतही नव्हतो. सोबत काड्यापेटीत पाठवतो आहे. मागच्या बाजूला माझी खूण आहे, ST आणि तारीख. मी केलेल्या प्रत्येक नगावर ती असते. भर सभेत हे पत्र वाच. माझं नाव घालून वाच.

भीमरावचं मात्र मी सांगू शकत नाही. ते तू आणि तो ठरवा.

सिराज


विश्रांतवाडी
१६ ऑक्टोबर २०२४

प्रिय काका,

काड्यापेटी मिळाली. झाकण मी टेबलावर ठेवून बराच वेळ नुसती बघत बसले. मग रडले. मग तक्रार फाडली. सरांबद्दल मी जे लिहिलं होतं त्याची मला लाज वाटते. तुमचं पहिलं पत्र मात्र फाडलेलं नाही. तुम्ही सांगितलं तरी फाडणार नाही. दोन्ही पत्रं एकत्र राहिली तरच खरं काय ते दिसतं.

ती वाचून मी आधी सरांकडे गेले. वाटलं होतं, ते मोकळे होतील. त्यांनी पत्र पूर्ण वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "एका निवृत्त माणसाच्या आठवणीवर विज्ञान चालत नाही." मी म्हटलं, झाकण आहे. ते म्हणाले, "असेल. पुढच्या महिन्यात मीही निवृत्त होतोय. माझ्या गौरवग्रंथात पहिला पेपर तोच आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक करा. नऊ नंबर वगळा. बाकी आठांवर मी आत्ता सही करतो. गुणूही नका." पेनाचं टोपण त्यांनी काढलंसुद्धा होतं.

काका, मी ते पेन किती वेळ बघत होते ते मला सांगता येणार नाही. आठ स्फटिकांत प्रबंध होतो. कुणाला काही कळलं नसतं. तुमची फ्रेम भिंतीवर राहिली असती, बाबांची किल्लीही खिशात राहिली असती. सगळ्यांचं भलं. मी "नाही सर" म्हटलं आणि बाहेर आले.

बाबा सोमवारी नागपूरहून आले. त्यांची आंघोळ झाली, पोहे झाले, मग मी तुमचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. किल्लीची गोष्ट त्यांना हसण्यावारी न्यायची सवय आहे, पण या वेळी ते हसले नाहीत. म्हणाले, "सिराज माझ्यासोबत रोज डबा खायचा. वीस वर्षं. एक शब्द बोलला नाही." मी म्हटलं, "बाबा, तुमचं नाव मी वगळते. 'स्टोअर बंद होतं' एवढंच लिहिते."

तर माझ्यावरच चिडले. "का वगळतेस? कुलूप काय आपोआप लागलं? मी दीक्षाभूमीवर गेलो होतो, चोरीला नव्हतो गेलो. किल्ली न्यायला नको होती, ती चूक माझी, ती मी घेतो. पण कुठं गेलो होतो ते लपवायला लागावं अशी वेळ होती ना, ती चूक माझी नाही. तेव्हा गप्प बसलो नोकरीसाठी. आता मला कोण काढणार? वाच. पूर्ण नाव वाच. भीमराव सखाराम ओव्हाळ."

आणि मग विचारलं, सेमिनारला बाहेरच्या माणसाला येता येतं का.

सोमवारी सकाळी अकरा वाजता आहे. तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून नंतर सगळं लिहून कळवते.

आम्रपाली


विश्रांतवाडी
२२ ऑक्टोबर २०२४

प्रिय काका,

तोंडी काम झालं. आता लेखी.

हॉल भरला होता. बाबा शेवटच्या रांगेत, नागपूरचाच पांढरा शर्ट घालून. वर्तक सर पहिल्या रांगेत, शेजारी बाहेरून आलेल्या परीक्षक पूर्णिमा मॅडम. मी आठ स्फटिक भराभर संपवले. मग नऊ नंबर. पडद्यावर दोन समांतर रेघा दाखवल्या आणि तुमचं पत्र काढलं.

दुसऱ्या परिच्छेदाला सर उभे राहिले. "आम्रपाली, हा विज्ञानाचा सेमिनार आहे, आठवणींचा कार्यक्रम नाही."

मी म्हटलं, "सर, दोनच मिनिटं. मग आठवण बाजूला ठेवू आणि झाकण मोजू."

पूर्णिमा मॅडम म्हणाल्या, "वाचू द्या हो." मी वाचलं. किल्लीपाशी आले तेव्हा मागे कुणीतरी खुसखुसलं. बाबा उठून उभे राहिले. हात मागे बांधून, राष्ट्रगीताला उभं राहावं तसे, माझं वाचून होईपर्यंत उभे. खुसखुसणारा गप्प झाला. माझा आवाज तिथं एकदाच फाटला, तेवढं माफ करा.

सर म्हणाले, "हे तेच झाकण कशावरून?" मी काड्यापेटी उघडून झाकण पालथं केलं. ST, 24.10.93. मोजायचा सूक्ष्मदर्शक मी आधीच आणून ठेवला होता. "तुम्हीच मोजा, सर," मी म्हटलं. काका, मला वाटलं ते नाही म्हणतील. पण ते आले. कोट काढून खुर्चीवर टाकला आणि डोळा लावला. एकदा मोजलं, झाकण फिरवून दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर स्वतःच लिहिलं, १.१९. शेजारी पेपरातला १.०० लिहून दोन्हींचे वर्ग केले, भागाकार केला. त्याच्यावर माझे साडेएकोणतीस टक्के बरोबर येऊन बसले.

मग वळून म्हणाले, "तांबोळींनी हे तेव्हाच सांगायला हवं होतं."

"हो सर," मी म्हटलं. "आणि चिठ्ठीही तेव्हाच द्यायला हवी होती."

असं मी म्हणाले. सगळ्यांसमोर. तोंडातून गेल्यावर मला कळलं.

सरांनी डस्टर उचललं, खाली ठेवलं, आकडे पुसले नाहीत. म्हणाले, "नऊ नंबर राहील. तुमचा आकडा राहील. मासिकाला दुरुस्ती मी पाठवतो." मग केबिनमध्ये नेऊन सही केली. चहा विचारला नाही. मलाही तो नको होता.

दुरुस्तीत तुमचं नाव कसं लिहायचं हे त्यांनी मला विचारलंय. तुम्ही सांगा.

आम्रपाली


धायरी
२९ ऑक्टोबर २०२४

चि. डॉ. आम्रपालीस,

अजून व्हायची आहेस हे ठाऊक आहे. मी थांबत नाही.

दुरुस्तीत लिही, झाकण सिराज तांबोळी यांनी केले, भोक तीन चौसष्टांश इंच, तेव्हा सांगितले नाही. विशेषण घालू नका.

रविवारी भीमराव आला होता. चार वर्षांनी. मला ऐकू येत नाही हे विसरून अर्धा तास बोलत बसला. मग सुमय्याने वही दिली. त्याने वहीत लिहिलं, "नोंद करू द्यायला हवी होतीस. मी लढलो असतो." मी खाली लिहिलं, "तेव्हा लढला नसतास." त्याने पेन हातात धरून खूप विचार केला आणि लिहिलं, "मुलगी लढली." मग आम्ही दोघांनी चपाती आणि लसणाची चटणी खाल्ली. चटणी पूर्वीइतकी झणझणीत राहिली नाही असं मी लिहिलं, त्यावर भांडलो.

वर्तकचं पाकीट आलं. आत वर्कशॉपची जुनी छापील चिठ्ठी, कुठून मिळवली देव जाणे. काम: झाकण, नग एक, भोक १.०० मि.मी. खाली सही, आणि तारीख २३ ऑक्टोबर १९९३. शेजारी काही नाही, नमस्कारसुद्धा नाही. माणूस एवढं करेल असं वाटलं नव्हतं. तरी मी ती परत पाठवली. मागे लिहिलं, "मागच्या तारखेची चिठ्ठी चालत नाही. आजची तारीख घालून पाठवा, काम करून देतो." पेटीत एक एमएमचं नवं ड्रिल आहे. भीमरावने आणलं.

फ्रेमचं काय केलं ते सांगायचं राहिलं. सुमय्या म्हणाली, अब्बा, आता ती काढून ठेवा. मी उतरवली. मागचे खिळे उचकटले, पान बाहेर काढलं. शेवटच्या ओळीत 'अचूक' अर्थाचा जो इंग्रजी शब्द आहे, त्यावर लाल पेन्सिलने पट्टी लावून रेघ मारली. वर लिहिलं, ३/६४. शेजारी माझी खूण आणि आजची तारीख. काच पुसून पान परत बसवलं आणि फ्रेम होती तिथंच टांगली.

आता आल्यागेल्याला मी स्वतः दाखवतो.

सिराज तांबोळी